बावीस श्रुती आणि माणसाचा कान



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो वेतन, बोनस आणि महागाई यांवरच बोलणार, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती चुकीची नाही. मी मात्र आज स्वराविषयी बोलणार आहे. एखादा स्वर उंच की खाली, बरोबर की चुकलेला, हे माणसाला कळते कसे, आणि हे कोडे सोडविण्यासाठी आपल्या लोकांनी काय काय केले, याचा हा थोडासा इतिहास आहे. मी संगीतशास्त्री नाही, कानाचा डॉक्टरही नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. या विषयाकडे मी का वळलो, ते शेवटी सांगेन.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात आणि रात्र रात्र नाटके चालतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या साऱ्या मुलखाला आपलाच सत्कार झाल्यासारखे वाटले. त्या नाटकांत ऑर्गन वाजतो, गायक पद म्हणतो, आणि मागच्या रांगेत घोंगडे पांघरून बसलेला, आयुष्यात सरगम न शिकलेला शेतकरी शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणतो, “बेसूर झाला गा!” त्याने कोणते माप लावले? त्याच्याजवळ यंत्र नाही, ग्रंथ नाही. तरी त्याचा निवाडा बहुधा बरोबर असतो. या निवाड्याचा उगम शोधण्याचा प्रयत्न आपल्या देशात फार जुना आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात एक प्रयोग सांगितला आहे. तो वाचून मी थक्क झालो, कारण तो वर्कशॉपमधल्या कारागिराने केल्यासारखा आहे. दोन वीणा घ्यायच्या, सारख्या आकाराच्या, सारख्या तारांच्या, सारख्या मिळविलेल्या. एक अचल ठेवायची. तिला ध्रुववीणा म्हणावे. दुसरी चल. चलवीणेचा पंचम किंचित उतरवायचा, आणि त्याच्या हिशेबाने तिच्या बाकीच्या तारा उतरवून घ्यायच्या, म्हणजे सगळी वीणा एका श्रुतीने खाली आली. असेच पुन्हा एकदा केले की चलवीणेचे गंधार आणि निषाद हे ध्रुववीणेच्या ऋषभ आणि धैवतात जाऊन मिळतात. याचा अर्थ त्यांच्यामधले अंतर दोन श्रुतींचे. तिसऱ्या वेळी ऋषभ षड्जात आणि धैवत पंचमात मिळतो. ते अंतर तीन श्रुतींचे. चौथ्या वेळी पंचम, मध्यम आणि षड्ज आपापल्या खालच्या स्वरांत मिळतात; ती अंतरे चार चार श्रुतींची. आता बेरीज करा. चारचे तीन, तीनचे दोन आणि दोनचे दोन : बारा, सहा आणि चार मिळून बावीस. सप्तकाच्या बावीस श्रुती त्या या.

या प्रयोगात फूटपट्टी कोठेच नाही. मोजण्याचे साधन एकच, ते म्हणजे कान. आणि कानालाही एकच प्रश्न विचारला आहे : दोन स्वर एकमेकांत मिळाले की नाही? किती उतरले, हे कानाला सांगता येत नाही. मिळाले की नाही, हे मात्र तो अचूक सांगतो. कानाचे बळ कशात आहे आणि दुबळेपण कशात आहे, हे ज्याने ओळखले त्यानेच हा प्रयोग रचला असला पाहिजे.

यानंतर महाराष्ट्राच्या भूमीवर येऊ. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करीत असता शार्ङ्गदेव नावाचा गृहस्थ त्याच्या दरबारी होता. आजोबा काश्मीरहून आलेले, स्वतः हा हिशेबखात्यावरचा अधिकारी. हिशेबनीस असून त्याने संगीतरत्नाकर लिहिला, आणि पुढली कित्येक शतके उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही पंडितांनी तो प्रमाण मानला. बावीसच श्रुती का, याचे शार्ङ्गदेव शरीरातून उत्तर देतो. हृदयाच्या ठिकाणी बावीस आडव्या नाड्या आहेत, वायूच्या आघाताने त्यांतून एकाहून एक उंच असे नाद निघतात, आणि कंठात व मस्तकातही तशीच रचना आहे, असे तो सांगतो. आज शरीर उघडून पाहणाऱ्याला अशा नाड्या सापडत नाहीत. तरीही स्वराचे रहस्य तारेत नसून देहात शोधले पाहिजे, ही त्याची दिशा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याची जागा चुकली. नाड्यांची ओळ त्याने छातीत पाहिली, ती निघाली कानात.

यापुढचा अंक सांगली-साताऱ्याकडे घडला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. ‘शारदा’ नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल यांचे हे बंधू. भरत आणि शार्ङ्गदेव यांच्या श्रुती आजच्या गवयाच्या गळ्यात आहेत काय, हे तपासण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांना दोन सोबती मिळाले. एक अर्नेस्ट क्लेमेंट्स, आय. सी. एस. न्यायाधीश, दुसरे किराण्याहून आलेले, पुढे मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांनी गावे, देवलांनी ताणलेल्या तारेवर तो स्वर मिळवून तारेची लांबी मोजावी, आणि गुणोत्तर मांडावे, असा हा उद्योग चालला. १९१० साली देवलांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक निघाले, १९१३ साली क्लेमेंट्स साहेबांचे. या श्रुती वाजतील अशी खास पेटीही तयार करविण्यात आली.

त्यांचे म्हणणे काय होते ते आकड्यांनी सांगतो. समजा षड्जाची तार सेकंदाला २४० वेळा कंप पावते. तंबोरा चांगला लागला की त्या तारेतूनच एक गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्याच्या हिशेबाने मध्य सप्तकातील गंधार बरोबर ३०० कंपनांचा. परंतु पंचमावर पंचम चढवीत जाऊन गंधार काढला, तर तो ३०३.७५ येतो. या दोहोंतील फरक, ८० ला ८१, हीच भरताची ती किंचित श्रुती, असे देवल मांडतात. आता विलायती पेटीकडे पाहा. तिचे सप्तक बारा सारख्या पायऱ्यांत कापलेले असते, म्हणजे कोणत्याही पट्टीत वाजविता यावे. तिचा पंचम ३५९.६ कंपनांचा, खऱ्या ३६० च्या इतका जवळ की कोणाची तक्रार नाही. पण गंधार ३०२.४ चा आणि धैवत ४०० च्या ऐवजी ४०३.६ चा. तंबोऱ्याच्या षड्जात पाचवा उपस्वर १२०० कंपनांचा असतो. पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर जवळजवळ १२०९.५ चा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. ती थरथर म्हणजेच गवयाच्या कानाला खुपणारा काटा होय.

१९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे या श्रुतींवर आणि श्रुतिपेटीवर कडाक्याचा वाद झाला. विष्णु नारायण भातखंडे यांना हे मत मान्य नव्हते. बारा स्वर आणि दहा थाट एवढ्यावर त्यांनी आपली पद्धती उभारली, ती मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या नावाने चार भागांत लिहिली, आणि शाळा-विद्यालयांतून तीच रुजली. श्रुतिपेटी मागे पडली. साध्या पेटीवरचा राग मात्र शमला नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत बंद राहिले. या एकतीस वर्षांत पेटी झाडीपट्टीच्या मांडवातून एक दिवसही हलली नाही, हेही इतिहासातच नमूद केले पाहिजे.

आता देवल बरोबर की भातखंडे, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून कानाच्या आत जाऊ. कारण त्याच सुमारास युरोपातही याच प्रश्नावर भांडण चालले होते.

१८४१ साली जर्मनीत झेबेक नावाच्या संशोधकाने भोके पाडलेली चकती फिरवून तिच्यावर हवेचा झोत सोडला. भोके एका सेकंदाला जितक्या वेळा समोरून जात, तितक्या कंपनांचा स्वर ऐकू येई. त्याला आढळले की मूळ कंपन अगदी क्षीण केले तरी कानाला तोच स्वर ऐकू येतो. विजेच्या नियमामुळे ज्याचे नाव आपण शाळेत घेतो तो ओम १८४३ साली म्हणाला, असे होणार नाही. हवेत जे कंपन आहे तेच कान ऐकतो. हेल्महोल्ट्झसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १८६३ च्या आपल्या ग्रंथात ओमची बाजू घेतली आणि कानात जणू तारांची वीणा बसविलेली आहे, जी तार जुळेल ती थरथरते, असे मांडले. झेबेक विस्मृतीत गेला.

वीणेची ती कल्पना प्रत्यक्ष पाहिली गेओर्ग फोन बेकेशी याने. हा हंगेरीच्या टपाल-तार खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करणारा मनुष्य. टेलिफोन सुधारायचा तर तो ज्याला ऐकवायचा तो कान आधी समजला पाहिजे, अशा सरळ विचाराने तो मृत माणसांच्या कानांत डोकावला. १९६१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी दाखविलेले चित्र असे. हवेच्या लाटेने कानाचा पडदा हलतो. त्याला लागून हातोडी, ऐरण आणि रिकीब या आकारांची तीन इवली हाडे. तिसरे हाड गोगलगायीच्या शंखासारख्या एका नळीच्या दारावर ठोके देते. शंखाचे वेटोळे उलगडले तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्यात पाणी आणि लांबवर एक पातळ पडदा. हा पडदा दाराशी अरुंद आणि ताठ, आतल्या टोकाशी रुंद आणि सैल. उंच स्वराची लाट दाराजवळच उसळते, खालच्या स्वराची आत जाऊन उसळते. पडद्यावर केसाळ पेशींच्या रांगा आहेत : आतली एक रांग सुमारे साडेतीन हजारांची, बाहेरच्या तीन रांगा मिळून सुमारे बारा हजारांच्या. आतल्या पेशी मेंदूला वार्ता धाडतात. बाहेरच्या पेशी स्वतः आकुंचन पावून लाटेला नेमक्या जागी जोर देतात. त्यामुळेच कानाला धार येते. १९७८ साली डेव्हिड केंप या इंग्रज संशोधकाने दाखविले की या खटपटीत कान स्वतःही बारीकसा आवाज बाहेर टाकतो. तेव्हा कान हा पडून राहिलेला डबा नव्हे. तो राबणारा अवयव आहे.

एवढ्याने कोडे सुटले असे वाटते, परंतु झेबेक अजून उभा आहे. लहान ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या. त्याचा भोंगा वाटीएवढा. मृदंगाचा आणि खर्जाचा मूळ कंप त्यातून जवळजवळ निघतच नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० पासून ३४०० पर्यंतचीच कंपने जात, आणि पुरुषाच्या आवाजाचे मूळ कंपन तर शंभर-सव्वाशेच्या आसपास असते. तरी टेलिफोनवर बापाचा आवाज बाईसारखा ऐकू आला, असे कोणी म्हटले नाही. हवेत नसलेला स्वर आपण ऐकतो! कारण २००, ३००, ४००, ५०० अशा कंपनांची ओळ कानी पडली की ही शंभराची लेकरे आहेत, हे मेंदू ओळखतो आणि बाप नजरेआड असला तरी त्याचे नाव सांगतो. हॉलंडमध्ये शाउटेन याने १९३८ ते १९४० या काळात ही गोष्ट पुन्हा प्रस्थापित केली. २००५ साली बेंडर आणि वांग या संशोधकांना मार्मोसेट जातीच्या माकडाच्या मेंदूत असे मज्जातंतूंचे केंद्र सापडले, जे प्रत्यक्ष मूळ कंपनालाही तसाच प्रतिसाद देते आणि मूळ कंपन गाळलेल्या उपस्वरांनाही. शंभर वर्षे हरलेला झेबेक असा जिंकला.

म्हणजे स्वर दोन ठिकाणी ठरतो. कोणते कंपन कोठे उसळले आणि किती वेळाने पुन्हा आले, ही वार्ता कान देतो. त्या वार्तेवरून स्वर कोणता, हा निवाडा मेंदू देतो. मेंदूचा निवाडा सवयीने घडतो.

हे हाती घेऊन आपण देवल-भातखंडे वादाकडे परत येऊ. मध्यम उंचीचे दोन स्वर एकापाठोपाठ ऐकविले तर तयार कानाला हजारात दोन-तीन कंपनांचा फरक कळतो. या हिशेबाने एका सप्तकात दोनशेहून अधिक पायऱ्या वेगळ्या ओळखू याव्यात. मग बावीसच का, आणि बाराच का? कारण फरक कळणे वेगळे आणि स्वर ओळखून त्याला नाव देणे वेगळे. बाजारात आपण हिरव्या रंगाच्या शंभर छटा वेगळ्या पाहतो, पण नावे पाच-सहाच देतो. १९६३ साली जयराजभॉय आणि स्टोन यांनी वादकांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच वादकाच्या एकाच बैठकीत तोच गंधार थोडा वर-खाली होत असल्याचे आढळले. तरी ऐकणाऱ्यांना तो गंधारच वाटला. तेव्हा बावीस हा कानाच्या आत कोरलेला आकडा नव्हे, यात भातखंड्यांचा पक्ष सबळ ठरतो. पण तंबोऱ्यात ३०० आणि ३०२ चा फरक खुपतो, तो कल्पनेचा खेळ नव्हे. तो शंखातल्या पडद्यावर घडणारा प्रत्यक्ष संघर्ष आहे, यात देवलांचा आणि खाँसाहेबांच्या कानाचा पक्ष खरा. स्थिर तंबोऱ्यासमोर श्रुती दिसते. हलत्या गाण्यात ती विरघळते. आणि आपल्या मांडवातला गायक, जो लहानपणापासून ऑर्गनसोबत वाढला, तो ऑर्गनचाच गंधार लावतो व मागच्या रांगेतला शेतकरी त्यालाच सुरेल म्हणतो. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या हत्याराने हात घडतो तसा ज्या वाद्याने कान घडतो.

आता माझे व्यावहारिक कारण. तरुणपणी मी ज्या कारखान्यात लागलो तेथे यंत्रांच्या घोळात माणसे ओठांवरून बोलणे ओळखीत. आम्ही संघटना बांधली, लढलो, आणि आवाजाच्या खात्यात काम करणाऱ्यांसाठी जादा भत्ता मिळविला. तो विजय म्हणून आम्ही गुलाल उधळला. मागणीपत्रात भत्ता होता. आवाज कमी करा, ही मागणी नव्हती. ते मागणीपत्र लिहिणाऱ्यांत मीही होतो. पुढे बऱ्याच वर्षांनी एका तपासणी शिबिरात माझ्या कानाचा आलेख काढला. रेघ बरी चालली होती, ती ४००० कंपनांजवळ दरीत कोसळली. डॉक्टरांनी सांगितले की आवाजाने गेलेल्या कानाची ही खूणच आहे. बाहेरच्या केसाळ पेशी आधी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

हे ज्ञान नवे नाही. इटलीच्या रामाझिनी वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांचे बहिरेपण लिहून ठेवले. १८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार यांनी शंभर बॉयलर-कारागिरांचे कान तपासले, आणि त्यांतील बहुतेकांना सभेतले भाषण नीट ऐकू येत नव्हते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात पुढे ही व्याधी दाखल झाली, १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही तिला जागा मिळाली, आणि नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातली गेली. कायदा असून दावे थोडे. कारण बोट तुटले तर रक्त येते. कान जातो तेव्हा रक्त येत नाही, दुखतही नाही. माणूस म्हणतो, “ऐकू येते, पण शब्द कळत नाही.” बाहेरच्या पेशी गेल्या म्हणजे आवाज लहान होतो एवढेच नव्हे, त्याची धार जाते, शेजारचे स्वर एकमेकांत मिसळतात, कोणाकोणाला तर एकच स्वर दोन कानांनी दोन उंचींचा ऐकू येतो. कानात यंत्र बसविले तर आवाज मोठा होतो, गेलेली धार परत येत नाही. मला आता तंबोऱ्याची जवारी बोथट ऐकू येते. ज्या दोन-तीन कंपनांच्या फरकासाठी देवलांनी आयुष्याची संध्याकाळ खर्चिली, त्यावर मत देण्याचा अधिकार मी पाळीवर घालवून बसलो आहे.

आणि दोष यंत्रांवरच टाकता येत नाही. १९३६ साली आपल्या सावलीत गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले, महात्माजी येथे राहिले, खादीच्या मागांचा हा गाव. त्या मागाच्या खटखटीत विणकर शेजाऱ्याशी बोलू शके. आज त्याच रस्त्याने लग्नाची आणि विसर्जनाची वरात जाते, तेव्हा छातीत धडधड होईल एवढा मोठा आवाज आपण आपल्या पैशाने भाड्याने आणतो, आणि लेकरांना खांद्यावर बसवून भोंग्याजवळ उभे करतो. त्यातली काही लेकरे उद्या मंडईत ऑर्गनला बसणार आहेत.

म्हणून माझी दोन मागणी. कामगार बंधूंनी पुढल्या मागणीपत्रात भत्त्याच्या आधी शांततेचे कलम घालावे : यंत्राला आवरण, पाळीत पालट, कानाला बोळे, आणि कामावर घेताना व त्यानंतर दरवर्षी कानाची तपासणी, आलेख कामगाराच्या हाती. कामावर लागतानाचा आलेख नसेल तर पुढे नुकसान सिद्ध करणे कठीण जाते, हे मी अनुभवाने सांगतो. आणि गावकऱ्यांनी वरातीचा भोंगा आवरावा.

भरताने दोन वीणा घेतल्या आणि निवाडा कानावर सोपविला, कारण त्याहून बरे माप त्याच्याजवळ नव्हते. आज मोजण्याची यंत्रे पुष्कळ आहेत. पण सुरेल काय आणि बेसूर काय, हे अजून मागच्या रांगेतल्या त्या शेतकऱ्यालाच विचारावे लागते. त्याचा कान शाबूत ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.